गच्चीवरचा दिवसाउजेडीचा ओटा



गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे. मागच्या गच्चीवर उघडा ओटा करायचा, म्हणजे बाहेरचं छोटं स्वयंपाकघर. कोणालाही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, फरशी कोणती घालणार? दुसरा, वास्तूप्रमाणे अग्नी कुठे येतो? आमच्या घरात मात्र फरशीपर्यंत पोचायलाच तीन आठवडे लागले. त्याआधी ठरवायचं होतं की इथे रांधणार कोण, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि त्या वेळी तिथे कोणकोणते जीव असतील. ते ठरलं तेव्हा निम्मा आराखडा आपोआप तयार झाला. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी अशी गच्ची किंवा परसातली मोकळी जागा असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी घराची रचना सांगते. मेहकरच्या जुन्या पेठेतल्या घरांसारखंच आमचं घर आहे. पुढे रस्त्यावर दुकान, मागे गोदाम आणि दुकानावर आमची राहायची जागा. गोदामाचं छत म्हणजेच ही गच्ची. आतलं स्वयंपाकघर आणि गच्ची एकाच पातळीवर आहेत, मधे फक्त एक उंबरठा. घराचं तोंड पूर्वेला, म्हणून गच्ची पश्चिमेला. गच्चीच्या कठड्याखाली परसात आमचा जुना आड आहे आणि त्याला बारा महिने पाणी असतं. हा आड लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता घरातली मतं. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. त्याच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या लाकडी डेकची चित्रं होती. लोखंडी शेगडी, भोवती उंच खुर्च्या आणि वर दिव्यांच्या माळा. दिवाळीला मित्र येतील, रात्री गप्पा रंगतील, असा त्याचा बेत. सूनबाईंना या बेतात दुप्पट काम दिसलं. "आई, बाहेर ओटा म्हणजे दोन ठिकाणची भांडी आणि दोन ठिकाणचं पुसणं. ते कोण करणार तेही आत्ताच ठरवा," असं तिने सरळ विचारलं, आणि ते योग्यच होतं. ह्यांना काळजी होती स्लॅबला ओल येऊन खालच्या मालाचं नुकसान होण्याची.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तरी मला वाटतं, या जागेची खरी गरज त्यांनाच आहे.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दिवसातून एकदाच जेवतात आणि तेही शोधाचं. पीठ मर्यादेतलं लागतं, म्हणजे पावसाळ्यात ३ दिवसांचं, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७. पाणी स्वतः गाळलेलं हवं. त्यांचं सगळं आयुष्य चुलीसमोर आणि नंतर शेगडीसमोर पाटावर बसून रांधण्यात गेलं. आता आमच्या आतल्या ओट्यासमोर उभं राहावं लागतं आणि त्यांचे गुडघे दहा मिनिटांच्या वर साथ देत नाहीत. मग त्या खुर्चीवर बसून आम्हाला सांगतात आणि आम्ही करतो. अन्न शुद्धच असतं, पण ज्या बाईने पन्नास वर्षं स्वतःच्या हाताने शोधून रांधलं, तिने ताटाची वाट पाहत बसणं ही वेगळी गोष्ट आहे. आतल्या खोलीत दुसरा बैठा ओटा मावत नाही. गच्चीवर मावतो, आणि तिथे जायला एकही पायरी चढावी लागत नाही.

म्हणून पहिला निर्णय झाला तो असा: ओटा दोन उंचींचा. एक भाग नेहमीसारखा उभ्याने काम करायचा, सुमारे ३२ इंच. त्याला लागून दुसरा भाग जमिनीपासून फक्त ९ इंच, म्हणजे समोर पाट ठेवून बसलं की शेगडी हाताशी येते. बैठ्या भागाजवळ भिंतीत एक भक्कम लोखंडी दांडी, धरून उठण्यासाठी. गवंडी म्हणाला, "काकू, असं कोणी करत नाही आता." त्याला म्हटलं, आमच्याकडे करायचं आहे.

दुसरा निर्णय वेळेचा. त्यासाठी मी आठ दिवस खडू घेऊन गच्चीवर गेले. सकाळी ८, १०, १२ आणि दुपारी ४ वाजता घराच्या भिंतीची सावली कुठवर येते, तिथे रेघा ओढल्या. गच्ची पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सगळी जागा घराच्या सावलीत असते. दुपारनंतर ऊन सरळ तोंडावर येतं. उन्हाळ्यात सूर्य आणखी वर चढतो. मेहकरला २१ मे आणि २२ जुलैच्या आसपास तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या काठीचीही सावली पडत नाही. म्हणजे मे महिन्यात बाराच्या सुमारास भिंतीचा आसरा संपला. सासूबाईंचा स्वयंपाक मात्र सकाळी नऊ ते साडेदहा. त्या वेळेला ही जागा घरातली सगळ्यात थंड जागा आहे. ओटा पूर्वेच्या भिंतीला टेकवून, दक्षिणेच्या टोकाला घ्यायचा ठरला. शेजारच्या काकूंनी लगेच सांगितलं की गच्चीचा आग्नेय कोपरा हाच. आम्ही सावली पाहून ठरवलं होतं, त्यांनी दिशा पाहून होकार दिला. दोघींचंही समाधान झालं.

संध्याकाळचं जेवण आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला इकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, जूनच्या अखेरीला सात वाजून गेलेले असतात. थंडीत चार-साडेचारला गच्चीवर छान कोवळं ऊन असतं, तेव्हा तिथे रांधायला बरं वाटेल. उन्हाळ्यात त्याच वेळी तिथे उभं राहवणार नाही. म्हणून पश्चिमेच्या बाजूला गुंडाळता येणारे बांबूचे पडदे लावायचे. पडदे ओट्यापासून लांब, कठड्याजवळ. वाऱ्याने उडून ज्योतीजवळ येतील असं काहीही नको.

आता दिव्याचा प्रश्न. यावरच सगळ्यात जास्त बोलणं झालं.

मुलगा म्हणाला, "आई, बाहेरच्या जागेची मजा संध्याकाळीच असते. दिवे नाही लावले तर कोण बसणार?" मी त्याला रागावले नाही. पावसाच्या पहिल्या सरीनंतरची संध्याकाळ आठव, एवढंच म्हटलं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सकाळी पंखांचा किती सडा पडलेला असतो, तो लहानपणी स्वतः सुपलीने अलगद गोळा करायचा. उजेडाकडे किडे येतात. उघड्यावर उजेड असला आणि त्याच्या खाली पेटती शेगडी, उकळतं तेल असलं की त्या जिवांचं काय होणार हे सांगायची गरज नव्हती. रात्रिभोजन आपण का सोडलं याची कारणं शास्त्रात वाचायला मिळतात. उघड्या गच्चीवर ती डोळ्यांनीच दिसतात. बंद खोलीत जाळीच्या खिडकीमागे हा प्रश्न झाकला जातो, बाहेर झाकता येत नाही. म्हणून आपल्या घरचं बाहेरचं स्वयंपाकघर दिवसाचंच असणार. ओट्यावर दिवा नाही आणि दिव्यांची माळही नाही. रात्री नळ बंद करायला किंवा काही आणायला जावं लागलं तर उंबरठ्याजवळ खाली एक मंद पिवळा दिवा. पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा पिवळ्याकडे किडे कमी येतात. त्याचं बटण आत, म्हणजे दिवा विनाकारण जळत राहणार नाही.

मुलगा दोन दिवस गप्प होता. मग त्याचा फोन आला. "मित्रांना दुपारी चारला बोलावतो. हुरडा उजेडातच छान लागतो, नाही का?" त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती, ती मला ऐकू आली. ती लगेच जाईल असं मी धरून चाललेले नाही. पण त्याच्यासाठी लोखंडी फिरती शेगडी घ्यायचं आम्ही कबूल केलं आहे. आपल्या भागात थंडीत रोडगे करतात तसे तो गोवऱ्यांवर रोडगे भाजेल. सोबत वांग्याची भाजी आपल्याकडे नसते, दुधीची करू. गोवऱ्या आणि लाकूड मात्र आदल्या दिवशी उन्हात पसरून, एकेक आपटून, पाहून मगच वापरायचं. लाकडाच्या सालीखाली आणि गोवरीच्या भेगांत बरेच जीव लपलेले असतात.

जीव मारायची वेळच येऊ नये, अशी रचना आधी करायची, हे या सगळ्या आखणीतलं मुख्य सूत्र. एकदा झुरळं झाली की आपण फवारणीचा विचार करतो आणि मग मन खात बसतं. म्हणून काही गोष्टी मुद्दाम वगळल्या.

ओट्याखाली कपाट नाही. बाहेरच्या ओट्याखालचं बंद, अंधारं, दमट कपाट म्हणजे झुरळं, कोळी आणि पालींना आमंत्रणच. खाली मोकळी जागा, झाडू सहज फिरेल अशी. साखर, गूळ, पीठ, तेल यांतलं काहीही गच्चीवर राहणार नाही. सगळं एका मोठ्या परातीत आतून न्यायचं आणि स्वयंपाक झाला की त्याच परातीत परत आणायचं. सूनबाईच्या प्रश्नालाही हेच उत्तर मिळालं. भांड्यांचा दुसरा संच घ्यायचाच नाही. ज्या दिवशी बाहेर रांधायचं, त्या दिवशी आतला ओटा बंद. बाहेरचं पुसणं ज्याने बाहेर रांधलं त्याच्याकडे, मुलगा आणि त्याचे मित्र असले तरी.

दगड फिका. सगळे काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट सुचवत होते, डाग दिसत नाहीत म्हणून. पण काळ्यावर मुंगीही दिसत नाही! फिक्या दगडावर बारीक लाल मुंगीसुद्धा लांबून दिसते आणि हात थांबतो. डाग पुसता येतात. शेगडी पेटवण्याआधी मऊ कुंचल्याने बर्नर झाडायचा, खाली वाकून पाहायचं आणि काम झालं की त्यावर झाकण ठेवायचं.

छत फक्त ओट्यापुरतं, लोखंडी चौकटीवर पांढरे रंगवलेले पत्रे. कौलं सुंदर दिसतात, पण आमच्याकडे वानरांच्या टोळ्या येतात आणि त्या उड्यांपुढे कौल टिकत नाही. पत्रे मात्र नुसते ठेवून चालणार नाहीत, चौकटीला बोल्टने घट्ट हवेत. फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळी वाऱ्याने आणि गारपिटीने काय होतं ते २०१४ साली आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट जाळीने बंद करायची. नाहीतर कबुतर तिथे घरटं करतं, आणि एकदा अंडी दिसली की आपल्याला ना घरटं काढता येतं, ना त्याखाली रांधता येतं. चिमण्यांसाठी खोके दुसऱ्या भिंतीवर, ओट्यापासून लांब. पत्र्याखाली शेगडीच्या वर चंदोवा. पांढरं सुती कापड, चार कोपऱ्यांना आकड्यांत ताणून बांधलेलं, आठवड्याला काढून धुता येईल असं. आपल्या आज्या-पणज्या चुलीवर, पाण्याच्या जागेवर चंदोवा बांधत असत. उघड्यावर तर त्याची जास्त गरज. ज्योतीपासून तो भरपूर उंच राहील आणि वाऱ्याने सुटणार नाही, हे मात्र पाहायचं.

ह्यांच्या ओलीच्या काळजीवर उपाय असा, की गच्चीच्या स्लॅबला एकही खिळा किंवा भोक नाही. चौकट भिंतीला आणि कठड्यातल्या खांबांना धरेल. ओट्याचं वजन भिंतीजवळ, खालच्या तुळईवर येईल. जमिनीला मोरीकडे चांगला उतार, म्हणजे पाणी कुठेच साचणार नाही. पाणी साचलं की शेवाळ येतं, आणि शेवाळ म्हणजे अनंत जीव. ते खरवडण्यापेक्षा ते येऊच न देणं बरं. चातुर्मासात हा ओटा बंदच राहील, झाकून. पावसाळ्यात उघड्यावर रांधण्याचा हट्ट आपल्या घरात नको.

गॅसचं थोडं. सिलिंडर सावलीत, उभं आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर हवं. पण खड्ड्यात किंवा बंद पेटीत नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो. गच्चीवर वारा असला तरी मोरीच्या तोंडाजवळ सिलिंडर ठेवू नका. नळी सुरक्षा शिक्क्याची, दीड मीटरच्या आत आणि पाच वर्षांनी बदलायची. बैठ्या शेगडीसाठी आम्ही सिलिंडर कट्ट्याच्या बाजूला, भिंतीआड ठेवणार आहोत. उंचीचा नियम पाळता यावा म्हणून सिलिंडरची जागा कशी करायची ते गॅसच्या माणसाला बोलावून ठरवणार, आपल्या मनाने नाही.

दुपारचं ऊन वाया जाऊ नये म्हणून पश्चिमेच्या मोकळ्या भागात सौर कुकर. पेटीसारखा, आत काळी भांडी, वर काच. सकाळी दहाला मूगडाळ आणि तांदूळ लावले की दोन-तीन तासांत शिजतात. ज्योत नाही, धूर नाही, राखण नाही आणि काच बंद असल्यामुळे आत काही पडतही नाही. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून हजारोंचं अन्न शिजतं, मग आपल्या घरची वाटीभर डाळ का शिजणार नाही? वाळवणही याच भागात. आमच्याकडे तीन-तीन दिवस गहू भिजवून आंबवलेल्या कुरडया होत नाहीत. रव्याच्या करतो, शेवया, सरगुंडे, तांदळाचे पापड करतो आणि पावसाळ्याच्या आत संपवतो.

एक स्पष्ट सांगते. मुनिमहाराजांचा चौका या ओट्यावर लागणार नाही. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेले संघ कधी आपल्या गावात थांबतात. तेव्हा चौका आतच, बंद जागेत, जसा आजवर लागला तसाच. उघड्या जागेला तिच्या मर्यादा आहेत.

शेवटी पाणी. नळाच्या तोंडाला कापड बांधणं म्हणजे पाणी गाळणं नव्हे, हे सासूबाईंचं ठाम मत. कापडावर जे जीव राहतात ते त्यांच्या पाण्यात परत पोचले तरच गाळणं पूर्ण झालं. म्हणून ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद जाड कापड, दुहेरी करून. गाळलेलं पाणी ४८ मिनिटांपर्यंत चालतं, उकळलेलं २४ तास. आणि जिवाणी आडात परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही. त्यासाठी आमच्याकडे जुनी कडीची पितळी बादली आहे. ती पाण्याला टेकली आणि दोर ढिला पडला की वरचा आकडा सुटतो, आणि बुडाच्या कडीमुळे बादली पाण्यातच हळूच उलटी होते. जीव आपटत नाहीत.

गुडघे दुखायला लागल्यापासून सासूबाईंना जिना उतरून आडापर्यंत जाता येत नाही. तीन वर्षं जिवाणी आम्ही सोडतो. गच्चीचा कठडा बरोबर आडाच्या वर येतो, हे खडूच्या रेघा ओढताना माझ्या लक्षात आलं. मग कठड्यातल्या खांबाला बाहेर हातभर लोखंडी दांडा आणि त्याला कप्पी बसवायची कल्पना निघाली. बादली लहान, वजन कमी. खाली वाकावं लागू नये म्हणून कठडा कमरेइतका उंच ठेवून कप्पी हाताच्या उंचीवर.

नकाशाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. दगड, पत्रा, सौर कुकर यावर त्या काही बोलल्या नाहीत. कप्पीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही इतकी डावीकडे का? मी उजव्या हाताने दोर सोडते." दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून कप्पी दीड फूट सरकवली.

राजा श्रेयांसाने भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला, ती अक्षय तृतीया. तोवर काम पूर्ण व्हावं अशी इच्छा आहे. दोन गोष्टी अजून ठरायच्या आहेत, बांबूच्या पडद्यांची लांबी आणि वानरांपासून सौर कुकरची काच कशी वाचवायची. तुमच्यापैकी कोणी वानरांच्या गावात सौर कुकर वापरत असाल तर जरूर कळवा. सोमवारी वाळू येते आहे.